सांतागाताचा शेतकरी

ज्युसेप्पे व्हर्दी म्हटले की मिलानचे ला स्काला नाट्यगृह आठवते. झुंबरांचा लखलखाट, टाळ्यांचा कडकडाट आणि पडद्यापुढे येऊन अभिवादन करणारा यशस्वी संगीतकार असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात ८७ वर्षांच्या आयुष्यातील जवळजवळ अर्धशतक त्याचे मुख्य वास्तव्य उत्तर इटलीतील पो नदीच्या सपाट खोऱ्यात, सांतागाता नावाच्या खेड्यातील शेतघरात होते. शहराच्या धकाधकीतून सुटका व्हावी म्हणून निवडलेल्या या जागेने त्याला खूप काही दिले. मात्र त्याची किंमतही वसूल केली.

व्हर्दीचा जन्म ऑक्टोबर १८१३ मध्ये बुस्सेतो गावानजीकच्या ले रोंकोले या वस्तीत झाला. वडील छोटी खाणावळ आणि किराणा दुकान चालवीत. मुलाची गुणवत्ता बुस्सेतोतील व्यापारी अंतोनियो बारेत्सी यांनी हेरली. १८३२ मध्ये मिलानच्या संगीत विद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला, तेव्हा बारेत्सींनीच खासगी शिक्षणाचा खर्च उचलला. पुढे त्यांची कन्या मार्गारिता हिच्याशी व्हर्दीचा विवाह झाला. पण हा संसार औटघटकेचा ठरला. १८३८ ते १८४० या काळात दोन्ही अपत्ये आणि पाठोपाठ मार्गारिताही मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी रंगभूमीवर आलेला त्याचा विनोदी ऑपेराही सपशेल कोसळला.

९ मार्च १८४२ रोजी ला स्कालात ‘नाबुक्को’चा पहिला प्रयोग झाला आणि दैव पालटले. मागणी वाढली, करारांचा ससेमिरा मागे लागला. पुढच्या आठ वर्षांत त्याने डझनाहून अधिक ऑपेरा लिहिले. मिलान, व्हेनिस, नेपल्स, लंडन, पॅरिस अशी भ्रमंती चालली होती. घसा आणि पोटाच्या विकारांनी तो जर्जर झाला. १८४६ मध्ये तर डॉक्टरांनी त्याला काही महिन्यांची सक्तीची विश्रांती घ्यायला लावली. या कालखंडाला तो स्वतः गुलामगिरीची वर्षे मानत असे. या वेठबिगारीतून सुटण्याचा मार्ग त्याला जमिनीत दिसला. १८४८ मध्ये त्याने सांतागाताची शेती विकत घेतली. त्याचे पूर्वज याच गावचे होते. १८५१ च्या वसंतात तो तेथे राहायला गेला.

सोबत होती ज्युसेप्पिना स्ट्रेप्पोनी. ‘नाबुक्को’च्या पहिल्या प्रयोगात गायलेली ही नामवंत गायिका तोवर रंगभूमीवरून निवृत्त झाली होती. दोघांचा विवाह झालेला नव्हता आणि तिला पूर्वायुष्यात विवाहबाह्य अपत्ये झाली होती. बुस्सेतोने तिला क्षमा केली नाही. गावात कुजबुज चाले, चर्चमध्येही लोक तिच्यापासून अंतर राखत. खुद्द बारेत्सीही काही काळ नाराज होते. त्याच सुमारास व्हर्दीने आईवडिलांपासून वेगळे राहण्याची कायदेशीर व्यवस्था केली आणि काही महिन्यांतच, जून १८५१ मध्ये, आईचे निधन झाले. १८५९ मध्ये जिनिव्हाजवळच्या एका खेड्यात दोघांनी गाजावाजा न करता विवाह केला. तरीही मनातली अढी गेली नाही. गावाने उभारलेल्या नाट्यगृहाला व्हर्दीचे नाव देण्यात आले. त्याने त्यासाठी १० हजार लिरांची देणगी दिली. मात्र १८६८ मध्ये त्याचे उद्घाटन झाल्यावरही त्याने तेथे कधी पाऊल ठेवले नाही.

सांतागातात व्हर्दी हौशी जमीनदार म्हणून राहिला नाही. पहाटे उठून तो शेतावर फेरी मारी, हिशेब स्वतः तपासी, गुरांच्या बाजारात घासाघीस करी. कालवे, दुग्धशाळा, तळे, झाडांच्या रांगा यांनी त्याने माळरानाचे रूप पालटले. १८८० च्या आसपास शेतीवर संकट आले तेव्हा मजुरांवर देशांतराची पाळी येऊ नये म्हणून त्याने नवी बांधकामे काढून त्यांना रोजगार दिला. १८८८ मध्ये शेजारच्या व्हिलानोव्हा येथे स्वखर्चाने रुग्णालय सुरू केले. याच घरी ‘आयदा’चे संगीत आकाराला आले.

ज्युसेप्पिनाचा अनुभव मात्र वेगळा होता. शहरातील मैफली आणि मित्रमंडळ सोडून आलेल्या या स्त्रीला धुक्यात बुडालेले लांबलचक हिवाळे आणि आपल्यात न घेणारे शेजारी सोसावे लागले. व्हर्दीला हवीशी वाटणारी शांतता तिला एकाकी करून टाकी. १८६६ पासून दोघे हिवाळ्यासाठी जेनोव्हाला जाऊ लागले, त्यामागे हेही एक कारण होते. तरीही तिने ते घर सांभाळले आणि नोव्हेंबर १८९७ मध्ये तेथेच अखेरचा श्वास घेतला. त्यानंतर व्हर्दीला तो परिसर रिता भासू लागला.

तोवर ‘ओतेल्लो’ (१८८७) आणि ‘फाल्स्ताफ’ (१८९३) लिहून तो निवृत्त झाला होता. आता त्याला चिंता होती ती दारिद्र्यात म्हातारपण कंठणाऱ्या संगीतकारांची. मिलानमध्ये त्याने त्यांच्यासाठी निवासस्थान बांधले आणि त्याचे नाव ठेवले विश्रामगृह. कोणी येऊन आभार मानू नयेत म्हणून आपल्या हयातीत ते उघडू नये, अशी त्याची अट होती. २७ जानेवारी १९०१ रोजी मिलानमधील हॉटेलात त्याचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत गाड्यांच्या खडखडाटाचा त्रास होऊ नये म्हणून हॉटेलसमोरच्या रस्त्यावर गवताचा पेंढा अंथरला होता. ज्या शहराचा गोंगाट टाळण्यासाठी तो आयुष्यभर दूर राहिला, ते शहर त्याच्यासाठी आपणहून मूक झाले.

सांतागाताचे घर वारसांमधील वादामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यटकांसाठी बंद झाले. विश्रामगृह मात्र १९०२ पासून आजतागायत सुरू आहे. तेथे वयोवृद्ध गायक-वादक राहतात आणि त्याच वास्तूत व्हर्दी व ज्युसेप्पिना शेजारी शेजारी विसावले आहेत.