संत गाडगेबाबा

गाडगेबाबांचे खरे नाव डेबूजी. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावला झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडगे. लोकांना वाटे भिकारीच आला. पण बाबा आधी गाव झाडत, मगच भाकर खात. पंढरपूर, नाशिक, मुंबईला त्यांनी गरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. स्वतःला एक झोपडीपण नाही बांधली. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा वारले.

दिवाळीनंतर आम्ही तलासरीहून वीटभट्टीवर कामाला चाललो होतो. रात्री डहाणू स्टेशनात झोपलो. येणारेजाणारे आम्हाला भिकारी बोलले. मला लई राग आला. सकाळी आईने बोचक्यातली केरसुणी काढली, आमची जागा झाडली, मग आम्ही गाडीत चढलो.