जात्यापाशी सुचलेली गाणी

मस्कतच्या अझैबा भागात, आपल्या घरी पीठ दुकानातून येतं. बहिणाबाई चौधरी मात्र पहाटे उठून जातं ओढायच्या.

त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला आल्या. तिशीच्या सुमारास नवरा वारला. मग शेत, घर, मुलं सगळं त्यांनीच सांभाळलं.

दळताना, पेरताना, स्वयंपाक करताना त्यांना गाणी सुचत. ती त्यांच्या खानदेशी बोलीत असत. गाणी होती कामाचीच: चुलीचे चटके, विहिरीवरची मोट, पेरणी, मळणी.

पण त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ गाणी ऐकून उतरवून घेत. जी उतरली नाहीत, ती हवेत विरली.

१९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज ती गाणी घरोघरी माहीत आहेत. बहिणाबाईंना मात्र ते पुस्तक बघायला मिळालं नाही.

शब्दार्थ
जातं – धान्य दळायची दगडी चक्की
मोट – बैलांच्या मदतीने विहिरीतून पाणी काढायची चामड्याची पिशवी

सांगा पाहू
१. बहिणाबाईंची गाणी कोणी उतरवून घेतली?
२. काम करताना तुमची आजी कोणतं गाणं म्हणते? तिला विचारा आणि वहीत लिहा.