भास्कराचार्य आणि अंकपाश

बिंदुसरा नदीच्या काठी वसलेल्या बीड नगराशी एका थोर गणितज्ञाचे नाव जोडले जाते. ते म्हणजे भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडवीड हे आपले गाव, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. विज्जडवीड म्हणजेच आजचे बीड, असे काही विद्वान मानतात. इतर काही ते गाव चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात शोधतात. हा वाद अजून मिटलेला नाही.

पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग. त्यात मोजणीसारखा रुक्ष विषयही रसाळ झाला आहे. सहा रस निरनिराळ्या प्रकारे एकत्र केले तर किती चवी होतील? उत्तर ६३. येथे आधी आंबट घातले की गोड, याला महत्त्व नाही.

ग्रंथाच्या अखेरीस ‘अंकपाश’ हे प्रकरण येते. तेथे मात्र क्रमालाच मान आहे. विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा व पद्म यांची अदलाबदल केल्यास मूर्तीचे २४ प्रकार होतात. परंतु २, २, १, १ या अंकांच्या संख्या सहाच होतात. कारण सारख्या अंकांची अदलाबदल केल्याने नवी संख्या निर्माण होत नाही. या गणितात गुणाकार-भागाकार विचारलेला नसतो; तरीही गणिताचा गर्व वाहणाऱ्याचा तो निश्चित पाडाव करतो, असा मिस्कील इशारा आचार्यांनी दिला आहे.

तो इशारा किती सार्थ होता, हे पुढे दूरदेशी दिसून आले. तीन फाशांची बेरीज ९ किंवा १० होण्याचे सहा-सहाच प्रकार आहेत. मग १० अधिक वेळा का पडते, असा प्रश्न इटलीतील जुगाऱ्यांना पडला. सतराव्या शतकात गॅलिलिओने तो सोडविला. १, २, ६ हे दान सहा रीतींनी पडते, १, ४, ४ तीन रीतींनी, ३, ३, ३ एकाच रीतीने. असा हिशेब केला असता २१६ दानांपैकी ९ ची दाने २५ आणि १० ची २७ भरतात. अंकपाशाचा जाणकार येथे फसला नसता.

वयाच्या ६९ व्या वर्षी आचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापिला. त्याची साक्ष देणारा शिलालेख तेथेच सापडला.