विश्लेषण : अमेरिकी सरकारला खासगी गार्ड नेमण्यास मनाई का झाली? कोण होते ॲलन पिंकर्टन?

इतवारीत सराफा दुकानापुढे उभा असलेला गार्ड अनेकदा एजन्सीचा असतो. या धंद्यातले जगातले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे पिंकर्टन.

कोण होते पिंकर्टन?
जन्म १८१९, ग्लासगो. लाकडी पिंपे बनवणारे हे कारागीर तरुणपणी कामगारांच्या मताधिकारासाठी चार्टिस्ट चळवळीत होते. १८४२ मध्ये ते अमेरिकेत गेले. बनावट नोटांची टोळी पकडून दिल्यावर नाव झाले आणि १८५० च्या सुमारास त्यांनी शिकागोत डिटेक्टिव्ह एजन्सी काढली. १८६१ मध्ये हत्येच्या कटाचा संशय आल्याने त्यांनी लिंकन यांना बाल्टिमोरमधून गुपचूप पार नेले.

कायदा का आला?
पुढे कारखानदार ग्राहक झाले आणि एजन्सी संप मोडू लागली. १८८४ मध्ये पिंकर्टन यांचे निधन झाले, कारभार मुलांकडे गेला. ६ जुलै १८९२ रोजी होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात एजन्सीचे सुमारे ३०० जण उतरले. गोळीबारात दोन्ही बाजूंची माणसे मेली. १८९३ मध्ये अमेरिकी संसदेने अशा एजन्सीची माणसे सरकारी कामावर घेण्यास बंदी घातली. १९७७ च्या न्यायालयीन निकालानंतर ती भाडोत्री सशस्त्र दलांपुरती उरली.

आपल्याकडे काय?
अशी बंदी नाही. महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याने सुरक्षा रक्षक मंडळे आली, तर २००५ च्या केंद्रीय कायद्याने एजन्सीला परवाना सक्तीचा केला. प्रश्न मात्र तोच आहे : गार्ड कुणाचा हुकूम मानणार, पगार देणाऱ्याचा की कायद्याचा?