विश्लेषण : रोनाल्ड रॉस दोन वर्षे चुकीचे डास का तपासत होते?

श्रीगोंदा : घोड आणि कुकडीचे कालवे, विसापूरचा तलाव, दक्षिणेला भीमा आणि घरोघरी पाणी साठवायच्या टाक्या. श्रीगोंदा तालुक्यात डासांना जागेची वानवा नाही. पण कालव्याकाठच्या डबक्यातला डास आणि टाकीतला डास एकच नसतो. त्यांच्यापासून होणारे आजारही वेगळे. या फरकाची किंमत सर रोनाल्ड रॉस यांनी दोन वर्षे मोजली.

रॉस कोण होते?

जन्म १३ मे १८५७, अल्मोडा. वडील ब्रिटिश भारतीय लष्करात अधिकारी. मुलाला लेखक व्हायचे होते, पण वडिलांच्या आग्रहाखातर तो लंडनला वैद्यकशास्त्र शिकला. १८८१ मध्ये रॉस भारतीय वैद्यकीय सेवेत आले. बंगळूरुत असताना बंगल्याजवळच्या पिंपात त्यांना डासांच्या अळ्या दिसल्या. पिंप रिकामे करताच डास कमी झाले.

अपयश का येत होते?

हिवताप दूषित हवेमुळे होतो, असा तेव्हा समज होता. १८९४ मध्ये लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी रॉस यांना रक्तातला हिवतापाचा परजीवी दाखवला आणि डासांवर संशय व्यक्त केला. १८९५ पासून सिकंदराबादेत रॉस यांनी रुग्णांना डास चाववून ते डास सूक्ष्मदर्शकाखाली चिरले. हाती काही लागेना. कीटकशास्त्र त्यांना येत नव्हते. करडे, पट्टेरी असे रंगावरून ते डास ओळखत. म्हणजे आजचे क्युलेक्स आणि एडिस. माणसाचा हिवताप हे डास पसरवतच नाहीत.

२० ऑगस्ट १८९७ ला काय घडले?

त्या महिन्यात ठिपकेदार पंखांचे वेगळे डास मिळाले. हुसेन खान या रुग्णाला डासामागे एक आणा देऊन ते चाववले गेले. २० ऑगस्टला अशाच एका डासाच्या पोटाच्या भिंतीत परजीवीचे काळे कण असलेल्या पेशी दिसल्या. हा डास अ‍ॅनोफिलिस होता.

पुढच्याच महिन्यात रॉस यांची बदली झाली. मुंबईमार्गे ते राजपुतान्यातील खेरवाड्याला गेले. तिथे हिवतापाचे रुग्णच नसल्यासारखे होते, त्यामुळे काम थांबले. १८९८ मध्ये कोलकात्यात त्यांनी पक्ष्यांचा हिवताप अभ्यासला आणि जुलैमध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतो हे सिद्ध केले. इथे कामी आला तो आधी निरुपयोगी ठरलेला करडा डास! माणसातील साखळी इटलीत ग्रासी यांनी पूर्ण केली. १९०२ चे नोबेल मात्र एकट्या रॉस यांना मिळाले आणि श्रेयाचा वाद अखेरपर्यंत चालला.

कोणता डास कुठे?

जगात डासांच्या ३,५०० हून अधिक प्रजाती आहेत, भारतात सुमारे ४००. महाराष्ट्रात महत्त्वाच्या अशा :

• अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीस : ग्रामीण मैदानी भाग, कालव्याची गळती, खड्डे, नदीपात्रातील डबकी. हिवताप.
• अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्साय : प्रामुख्याने शहरे, विहिरी, गच्चीवरील टाक्या. हिवताप.
• अ‍ॅनोफिलिस फ्लुव्हिएटिलिस : डोंगराळ भाग, संथ वाहणारे ओढे. हिवताप.
• एडिस इजिप्ती : घरातील साठवलेले पाणी, टायर, कुंड्या, दिवसा चावतो. डेंग्यू, चिकुनगुन्या.
• क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटस : गटारे, सांडपाणी, रात्री चावतो. हत्तीरोग.

याचा आज उपयोग काय?

१८९९ मध्ये भारत सोडल्यावर रॉस लिव्हरपूलला शिकवू लागले. डास जिथे जन्मतो तिथेच रोखावा, हा आग्रह त्यांनी १६ सप्टेंबर १९३२ रोजी निधन होईपर्यंत धरला. २० ऑगस्ट आज जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

उपायही डासानुसार बदलतात. डेंग्यूसाठी आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळून टाक्या घासाव्या लागतात. कालव्याकाठची डबकी बुजवणे किंवा त्यांत गप्पी मासे सोडणे हिवतापासाठी गरजेचे. नुसते गटारावर औषध फवारून डेंग्यू थांबत नाही. तो डास घरातल्या पिंपात वाढत असतो.