गणिताचे सर आणि खिडकीतली मेथी

कुंडी आणली. मातीची पिशवी आणली. बियांचं रंगीत पाकीट आणलं. पहिल्या दिवशी स्टेटस टाकलं, चौथ्या दिवशी हिरवे कोंब दिसले म्हणून रीलही झालं. आणि तीन आठवड्यांनी? कुंडीत पिवळे पडलेले चार धागे, वर पांढरी बुरशी आणि आईचा ठेवणीतला डायलॉग. मग आपण एकच निष्कर्ष काढतो, की आपल्या हाताला गुणच नाही. कुंडी उचलून जिन्यात जाते आणि विषय संपतो.

हा विषय तिथे संपू नये म्हणून आयुष्य घालवलेला एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. गंमत म्हणजे तो शेतकी कॉलेजातला नव्हता. तो गणिताचा प्राध्यापक होता. नाव श्रीपाद अच्युत दाभोलकर.

आडनाव वाचून तुमचे कान टवकारले असतील, तर बरोबर आहे. हे साताऱ्याचं दाभोलकरांचं घर. दहा भावंडं. थोरले देवदत्त पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. धाकटे नरेंद्र, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामासाठी आयुष्य देणारे आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ज्यांचा खून झाला ते डॉक्टर. याच भावंडांतले श्रीपाद. नरेंद्र दाभोलकरांनी बुवा-बाबांसमोर जो प्रश्न उभा केला, तोच श्रीपादरावांनी त्याच्याही आधी मातीत उभा केला होता. प्रश्न साधाच होता. हे खरं कशावरून? तू स्वतः करून पाहिलंस का?

फळ्यावरून बांधावर

कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ आहे. ग्रामीण भागातल्या मुलांना त्यांच्या मातीशी जोडलेलं शिक्षण मिळावं, या विचारातून उभी राहिलेली ही संस्था. दाभोलकर सर तिथे शिकवायचे. वर्गात गणित होतं, पण वर्गाबाहेर शेती होती आणि ती अडचणीत होती.

काळ लक्षात घ्या. १९६० चं दशक. देशात अन्नधान्याची टंचाई, अमेरिकेहून येणारा गहू आणि त्यावर उत्तर म्हणून आलेली हरितक्रांती. नवं बियाणं, रासायनिक खत, औषधफवारणी हे सगळं पॅकेज वरून खाली यायचं. संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ ठरवणार, अधिकारी सांगणार आणि शेतकरी ऐकणार. उत्पादन वाढलं, हे खरंच आहे. पण सरांना एक गोष्ट खटकत होती. ज्याच्या हातात माती आहे, त्याच्या डोक्याला या सगळ्यात कामच नव्हतं. तो फक्त सांगितलेलं करणारा झाला होता. पीक फसलं तर का फसलं हे त्याला कळत नव्हतं आणि आलं तर का आलं हेही कळत नव्हतं.

विद्यार्थी सूत्र पाठ करतो, पण सूत्र आलं कुठून हे त्याला ठाऊक नसतं. गणिताच्या कुठल्याही चांगल्या शिक्षकाला हे दुखणं ओळखीचं असतं. सरांनी ते शेतात ओळखलं.

१९६६ च्या सुमारास त्यातून उभा राहिला ‘प्रयोग परिवार’. इथे अध्यक्ष-सचिवांची उतरंड नव्हती. शेतकऱ्यांनी एकत्र यायचं, एकमेकांच्या बागा पाहायच्या, कोणी काय करून पाहिलं आणि काय झालं ते एकमेकांना सांगायचं. ज्याने प्रयोग केला तो त्या दिवसापुरता शिक्षक. डिग्री कोणी विचारायची नाही. नोंद मात्र हवीच.

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात, कमी पाण्याच्या जमिनीत द्राक्षं लावणाऱ्यांमध्ये हे काम विशेष रुजलं. वेलीला किती पानं आहेत, एका घडाला किती पानं पुरतात, मुळं नेमकी कुठे असतात आणि पाणी कुठे पडतंय, असे प्रश्न शेतकरी स्वतः विचारू लागले. मोजू लागले. आज नाक्यावरच्या गाडीवर जी लांबट, बिनबियांची हिरवी द्राक्षं मिळतात, त्यात ‘तास-ए-गणेश’ नावाचं एक वाण असतं. ते तासगाव परिसरातल्याच शेतकऱ्याने, वसंतराव आर्वे यांनी, थॉमसन सीडलेसच्या वेलींतून निवड करून पुढे आणलं. शेतकरी स्वतः संशोधक होऊ शकतो, याचा यापेक्षा गोड पुरावा कुठला?

झाड जेवतं कुठून?

आता आपल्या कुंडीकडे येऊ. कारण सरांच्या विचारातला सगळ्यात भन्नाट भाग इथे आहे.

झाडाचं अन्न मातीतून येतं असं आपण धरून चालतो. म्हणून झाड खुरटलं की आणखी खत टाकतो. पण सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या संशोधकाने एक प्रयोग केला होता. वजन केलेल्या मातीत विलोचं रोपटं लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाडाचं वजन सत्तर किलोंहून जास्त वाढलं. मातीचं किती घटलं? साठ ग्रॅमसुद्धा नाही. त्याला वाटलं, सगळं पाण्यातून आलं. पुढे कळलं की हवेतला कार्बन, पाणी आणि ऊन यांतून पान स्वतःचं अन्न बनवतं. झाडाच्या सुक्या वजनात मातीतून आलेला वाटा अगदी थोडा असतो. तो लागतो, पण थोडा लागतो.

शाळेत हे आपण सगळेच शिकतो आणि पेपर लिहून विसरतो. दाभोलकर सर विसरले नाहीत. त्यांनी त्याचं गणित मांडलं. त्यांच्या हिशेबात एक चौरस फूट पानाला दिवसभर चांगलं ऊन मिळालं, तर साधारण तीन ग्रॅम सुकं वजन तयार होतं. म्हणजे शेती म्हणजे उन्हाची सुगी. शेतकऱ्याचं काम दोनच: ऊन पडेल तिथे पान असू दे आणि त्या पानाला लागेल तेवढा ओलावा व हवा मुळापाशी असू दे. मग जमीन किती आहे हा प्रश्न मागे पडतो. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, नीट आखली तर पाच माणसांचं कुटुंब त्यावर चांगलं जगू शकतं, असं ते मांडायचे. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांच्या मराठी पुस्तकाचं नाव आणि १९९८ मध्ये आलेलं इंग्रजी पुस्तक ‘प्लेंटी फॉर ऑल’. दोन्ही नावांत त्यांचा विश्वास दिसतो. सृष्टीत तुटवडा नाही, आपल्या समजुतीत आहे.

हे गणित तुमच्या ग्रिलवर लावून बघा. एक फूट रुंद, तीन फूट लांब ट्रे. पानं पूर्ण पसरली आणि ऊन दिवसभर असलं तर दिवसाला नऊ ग्रॅम. पण माटुंग्यात समोर इमारत, बाजूला पर्जन्यवृक्ष, म्हणजे ऊन अर्धं धरू. साडेचार. सुरुवातीचे दिवस पानंच नसतात, म्हणून सरासरी आणखी अर्धी. सव्वादोन. महिन्याला पासष्ट-सत्तर ग्रॅम सुकं वजन. पालेभाजीत नव्वद टक्के पाणी असतं, म्हणजे साडेसहाशे-सातशे ग्रॅमच्या आसपास ओलं. मुळं आणि जाड देठं वजा करा. उरली तीन-चारशे ग्रॅम भाजी. एका वेळची मेथीची भाजी, झाली तर थोडे ठेपले.

निराश झालात? होऊ नका. खिडकीतून घरची अख्खी भाजी निघेल असं जे रील सांगतं ते खोटं बोलतं, एवढं या हिशेबातून कळलं. आणि एक वेळची भाजी नक्की निघेल, हेही कळलं. अपेक्षा खरी असली की कुंडी जिन्यात जात नाही.

माटुंग्याच्या गच्चीपर्यंत

सरांना त्यांच्या कामासाठी जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. २००१ मध्ये ते गेले. पण परिवार म्हटल्यावर गोष्ट एका माणसाबरोबर संपत नाही. त्यांचे शिष्य दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बजवाडा इथे हेच काम पुढे नेलं. सुका पालापाचोळा शेण, गोमूत्र आणि गुळाच्या पाण्यात भिजवून, कुजवून जी जिवंत माती तयार होते, तिचं ‘अमृतमिट्टी’ हे नाव आज गच्चीवर भाजी लावणाऱ्या अनेकांच्या तोंडी आहे.

मुंबईत मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर उरलेल्या भाजीपाल्याच्या कचऱ्यातून बाग उभी राहिली. त्या अनुभवातून ‘अर्बन लीव्हज्’ हा गट तयार झाला. आपल्या माटुंग्यात डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवर या गटाचे स्वयंसेवक जमून भाजी पिकवत. आयटीवाले, गृहिणी, कॉलेजची मुलं, सगळे मिळून पालापाचोळा तुडवायचे. द्राक्षाच्या बांधावर सुरू झालेली गोष्ट शहराच्या गच्चीवर पोचली होती.

आणि खरं सांगायचं तर माटुंगा या कामासाठी सॉलिड जागा आहे. फाइव्ह गार्डन्सच्या आणि हिंदू कॉलनीच्या रस्त्यांवर पानगळीत ढिगांनी पाला पडतो. झाडून, पेटीत भरून तो कचऱ्याच्या गाडीत जातो. रसवंतीवाल्याकडे संध्याकाळी उसाचा चोथा पडलेला असतो. मंडईत केळीची पानं आणि भाज्यांचे देठ असतात. आपण मात्र दुकानातून मातीची पिशवी विकत आणतो आणि तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत चढवतो. कुजलेल्या पाल्याची माती त्या मातीपेक्षा हलकी असते, पाणी धरते आणि तरी चिखल होत नाही. ग्रिलवर वजन कमी, मुळांना हवा जास्त.

सरांनी आपल्याला काय दिलं? एखादं सिक्रेट खत नाही. एक सवय दिली. मेथी मेली तर आपल्या हाताला दोष द्यायचा नाही आणि नशिबालाही नाही. वही काढायची. पाणी किती घातलं, ऊन किती तास, बी किती खोल, ते लिहायचं. पुढच्या वेळी यातली फक्त एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे जमलं ते कधीच कळणार नाही. आणि जमलं की मित्राला सांगायचं. फसलं तर आधी सांगायचं, कारण फसलेला प्रयोग दुसऱ्याचा महिना वाचवतो. रुईयाच्या कट्ट्यावर एवढ्या गप्पा होतात, त्यात पाच मिनिटं कुंडीची झाली तर तोही प्रयोग परिवारच.

करून बघा : खिडकीतला पहिला महिना

ऊन मोजा : एका रविवारी दर तासाला खिडकीत डोकावा. तीन-चार तास थेट ऊन असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर लावा. पाच-सहा तास असेल तरच मिरची-टोमॅटोच्या वाटेला जा.

माती : सुका पाला चुरून ओला ठेवा, अधूनमधून खालीवर करा. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ तीन दिवस मुरवून, दहापट पातळ करून शिंपडलं तर पाला लवकर कुजतो. फ्लॅटमध्ये वास सोसवत नसेल तर नुसतं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट मिसळा. पाला काळा, भुसभुशीत झाला, त्याला मातीचा वास आला की त्यात थोडी माती घाला.

भांडं : सहा इंच खोल पुरे, पण तळाला भोकं हवीतच. खाली ताटली ठेवा, नाहीतर पाणी खालच्या मजल्यावर आणि तक्रार सोसायटीच्या ऑफिसात. ग्रिलला तारेने बांधा. कठड्यावर मोकळी कुंडी कधीही ठेवू नका.

बी : पाकीट नको, मिसळणाच्या डब्यातली मेथी घ्या. रात्रभर भिजवा, पसरा, वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती. दहा-बारा दिवसांत काढलीत तर ती बाजारातल्या समुद्र मेथीसारखी कोवळी, थांबलात तर महिनाभरात जुडी. कोथिंबिरीसाठी धणे आधी हलके रगडून दोन फाकी करा. उगवायला आठवडा ते बारा दिवस लागतात. घाबरू नका.

पाणी : बोट मातीत खुपसा. ओलं लागलं तर पाणी नाही. नवशिक्यांची रोपं तहानेपेक्षा बुडूनच जास्त मरतात.

कधी : पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात ट्रे आत घ्या आणि पाला जमवत राहा.

आणि वही. ती विसरू नका. सर गणिताचे होते.