चेतापेशीचा चित्रकार

मेंदूविषयीच्या चर्चेत ‘न्यूरॉन’ हा शब्द आज सर्रास वापरला जातो. मराठीत त्यालाच चेतापेशी म्हणतात. मात्र, मज्जासंस्था अशा स्वतंत्र पेशींची बनलेली आहे, हे सिद्ध करण्यासाठी एका शास्त्रज्ञाला आयुष्य वेचावे लागले. त्यांचे नाव सांतियागो रामोन ई काहाल.

स्पेनमधील पेतिया दे आरागोन या गावी १ मे १८५२ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. शल्यवैद्य असलेल्या वडिलांना ते मुळीच मान्य नव्हते. उनाड मुलाला त्यांनी काही काळ न्हाव्याकडे आणि चांभाराकडे कामाला ठेवले. पुढे वडिलांनीच स्मशानातील हाडे दाखवून शरीररचना शिकवली आणि १८७३ मध्ये काहाल डॉक्टर झाले. लष्करी डॉक्टर म्हणून क्युबात गेले असता हिवतापाने त्यांना गाठले.

मेंदू म्हणजे अखंड विणलेले जाळे, असे त्या काळी मानले जाई. इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी मोजक्याच पेशी काळ्या रंगवण्याची पद्धत शोधली होती; तेही जाळ्याच्याच मताचे होते. काहाल यांनी १८८७ मध्ये ही पद्धत पाहिली, तीत सुधारणा केली आणि पक्ष्यांच्या कोवळ्या मेंदूवर ती वापरली. प्रत्येक पेशी त्यांना वेगळी दिसली. १८८८ मध्ये हे निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या नियतकालिकात सचित्र प्रसिद्ध केले. युरोपात दखल घेतली जात नाही, हे पाहून १८८९ मध्ये त्यांनी थेट बर्लिन गाठले आणि तज्ज्ञांना सूक्ष्मदर्शकातून पुरावा दाखवला.

१८९१ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म वाल्डेयर यांनी या पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कंडरा वा दोरी. पेशीचा गाभा, त्याच्या शाखा आणि लांब तंतू हे सारे मिळून एक न्यूरॉन होतो. म्हणूनच मज्जातंतू आणि चेतापेशी हे समानार्थी शब्द नव्हेत. नाव वाल्डेयर यांचे असले, तरी त्यामागील पुराव्याचा मोठा वाटा काहाल यांचा होता.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळाले. त्या व्यासपीठावरूनही गोल्जी यांनी न्यूरॉन सिद्धांतावर टीकाच केली. काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये निवर्तले. दोन चेतापेशींमधील सूक्ष्म फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५० च्या दशकात स्पष्ट दाखवली. वडिलांनी नाकारलेली चित्रकलाच अखेर विज्ञानाच्या कामी आली. काहाल यांची रेखाचित्रे अभ्यासक आजही पाहतात.